चोविसावी गाडी

"कुणासाठी बघताय म्हनायची? पोरासाठी?" सर्जेरावांनी विचारलं, तेव्हा श्रीधर मोटरसायकलच्या पोटाखाली डोकं घालून, एक गुडघा फरशीवर टेकून बसला होता. वर न बघता तिथूनच तो म्हणाला, "हो, मुलासाठी." आधी बोलून झालं आणि मग त्याला स्वतःला ऐकू आलं. इंजिनाखालच्या जाड पत्र्यावर हातातल्या बॅटरीचा उजेड पडला होता, दगडांचे ओरखडे स्वच्छ दिसत होते, त्यातला एकही संशय घ्यावा असा नव्हता, आणि श्रीधरला मुलगा नव्हता. मुलगी होती, स्पृहा, पंचविशीची. डोकं बाहेर काढलं की चेहरा दाखवावा लागणार म्हणून तो आणखी दोन मिनिटं तसाच राहिला, आणि पाहून झालेला पत्रा पुन्हा पाहत बसला. सव्वीस वर्षं तो मोटार विम्याचा सर्व्हेअर होता. कुणाची गाडी ठोकली गेली की हा जाणार, मोडतोड बघणार, माणूस काय सांगतो ते ऐकणार आणि पत्रा काय सांगतो ते लिहिणार. खोटं कसं बोलतात हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण इतकी वर्षं बोलायची पाळी समोरच्याची असायची आणि ऐकून घेऊन मान हलवायची पाळी त्याची. आज किरकटवाडीच्या एका बंगल्याच्या पडवीत पाळी उलटली होती, आणि गंमत म्हणजे समोरच्या म्हाताऱ्यानं मानसुद्धा हलवली नव्हती.

गाडी सर्जेरावांच्या मुलाची, साईनाथची. चारशे सीसीची, उंच, करडी, चाकांना तारा असलेली, डोंगरासाठीच केलेली. साईनाथनं ती दोनदा लडाखला आणि एकदा स्पितीला नेली होती. आता त्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि तिनं एकच वाक्य बोलून विषय मिटवला होता. ते वाक्य काय होतं हे सर्जेरावांनी सांगितलं नाही, नुसते हसले. श्रीधरनं आजवर बघितलेली ही चोविसावी; अडीच तास तो ती बघत होता. टाकीवरचा पोचा कुठला, हे त्यानं विचारायच्या आधी म्हाताऱ्यानं सांगितलं, "ही स्पितीत काजाच्या अलीकडं ओढ्यात पडली." मागच्या चाकाच्या तीन तारा नव्या का, तेही सांगितलं. चेन बदलली त्याची पावती आतून आणून दाखवली. बायडाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दोनदा दिला आणि दोन्ही वेळा गाडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. ज्यांना विकायची घाई असते त्या घरच्या बायका फार बोलतात, हे श्रीधरला ठाऊक होतं. स्क्रूंची डोकी कोरी होती. रंगावर रंग नव्हता. आरसे गाडीच्याच वयाचे होते. एका चारशे सीसीच्या गाडीनं चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तोंडावर खरं सांगितलं होतं, आणि तिच्याच पोटाखाली बसून त्यानं मुलगा जन्माला घातला होता.

"मग पोराला आणा की," सर्जेराव म्हणाले. "रविवारी आणा सकाळच्याला."

"त्याला कशाला? मी बघितली ना. मला पसंत आहे."

"तुमाला पसंत हाय ते दिसलंच की मला. तुमी काय तिचं एक्स-रे काढायचं तेवढं ठेवलं." म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमी बैल दिला तरी दावं हातात द्यायच्या आधी न्हेनाऱ्याचा हात बघायचो साहेब. बाजाराला आलेला बाप येगळा, शेतात जूं धरनारं पोरगं येगळं. जो धरनार, त्यो यायला पायजे. न्हाईतर मग इसाराचं पैसं बी नको मला."

"आणि रविवारच्या आत दुसरं कुणी आलं तर?"

"येतंय की. येरवड्याचं एक पोरगं येतंय रविवारी दुपारी. तुमी सकाळी या."

घरी येताना राजाराम पुलावर वाहतूक तुंबली होती आणि श्रीधरची जुनी स्कूटर एका टँकरच्या मागं उभी राहिली. त्याला राग आला होता, पण कुणाचा, हे ठरत नव्हतं. म्हाताऱ्याचा येत नव्हता. एवढा सरळ माणूस पुण्याच्या हद्दीत अजून शिल्लक आहे याचाच थोडा राग म्हणता आला असता. आपण 'माझ्यासाठी' का म्हणालो नाही? चार अक्षरी 'मुलासाठी'पेक्षा तो शब्द काही लांब नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी, पहिली गाडी बघायला बाणेरला गेला होता, तेव्हा म्हणाला होता की. विकणारा तिशीतला पोरगा, पायात दोन वेगवेगळ्या चपला, त्यानं श्रीधरकडे वरून खाली आणि मग खालून वर पाहिलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "काका, फ्रँकली सांगू का, ही हेवी पडेल तुम्हाला. स्कूटरमध्ये पण आता चांगले ऑप्शन्स आहेत." श्रीधरनं शांतपणे वाकून पुढच्या शॉकॲब्जॉर्बरला बोट लावलं, बोटाला तेलाचा पुसट ओलावा लागला, आणि ते बोट त्या पोरासमोर धरून तो म्हणाला, "सील गेलंय." सील बदलायला एक तास लागतो. पण त्या एका बोटाच्या जोरावर तो मान ताठ ठेवून जिना उतरला होता. पुढं कोथरूडचा दाताचा डॉक्टर भेटला, 'फक्त रविवारी चालवली' म्हणणारा, आणि त्याच्या ब्रेकच्या पायपट्टीचं रबर देवळाच्या पायरीसारखं झिजलेलं. मग हडपसरची एक, जिचे किलोमीटरचे आकडे मागं फिरवलेले. मग औंधची, जिच्यात खरोखर काहीच सापडेना. तेव्हा मालक किंमत फार लवकर कमी करतोय, हेच श्रीधरला खटकलं. एकेका गाडीचं एकेक कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. तेवीस खऱ्या कारणांची बेरीज करून बघायची बुद्धी त्याला कधी झाली नव्हती. ती आत्ता टँकरच्या मागं, डिझेलचा धूर खात, विनाकारण होऊ लागली, म्हणून त्यानं हॉर्न वाजवला. टँकरवाल्यानं खिडकीतून मागं पाहिलं आणि म्हणाला, "उडून जाऊ का, काका?"

कर्वेनगरच्या घरात गॅलरीतली अर्धी जागा त्या गाडीनं केव्हाच व्यापली होती, जी अजून घरात आलीच नव्हती. दोन्ही बाजूंना लटकवायच्या जलरोधक पिशव्या होत्या. पंक्चर काढायची पेटी, हवा भरायचा हातभर पंप, क्लचची जादा तार, पाच लिटरचा पेट्रोलचा चपटा डबा, चेनीला मारायच्या तेलाचे तीन फवारे. कोपर आणि पाठीला ढाली असलेलं एक जाकीट होतं, ते तो आठवड्यातून एकदा अंगात घालून बघायचा. हेमानं, त्याच्या बायकोनं, पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती शाळेचे पेपर तपासत होती. चष्म्याच्या वरून बघत ती म्हणाली होती, "घोडा कुठंय?" तेवढंच. तिच्या शाळेतली मुलंही तिच्या ओरडण्याला नव्हे, असल्या एका वाक्याला घाबरत. पण ती आड आली नव्हती. स्पितीला जायचं तर जा, एकटं जायचं तर एकटे जा, रोज रात्री फोन करा, एवढ्याच तिच्या अटी होत्या. हाडाच्या डॉक्टरनं श्रीधरच्या उजव्या गुडघ्याची फिल्म उजेडावर धरून "दोनतीन वर्षं आहेत अजून, जे काही चढायचं ते चढून घ्या," असं सांगितलं तेव्हा ती शेजारच्या खुर्चीवर होती. बाहेर पडल्यावर जिन्यात तिनंच विचारलं होतं, "मग, केव्हा?" तो जून होता. तो गेला, सप्टेंबरही गेला, ऑक्टोबरात तिकडचे घाट बर्फानं मिटले, आणि पुन्हा ऑगस्ट उजाडला. या सप्टेंबरच्या सात तारखेला निघायचं, हे त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलं होतं. पेन्सिलीनं का, हे तिनं विचारलं नव्हतं. आडवं यायला कुणी नाही, हीच त्याची खरी अडचण होऊन बसली होती. घरोघरी पुरुष म्हणतात, बायको सोडत नाही. ही सोय श्रीधरला नव्हती.

जेवताना त्यानं गाडीचं सांगितलं आणि मुलाचंही सांगून टाकलं, विनोद म्हणून. विनोद झाला नाही. स्पृहानं आमटीत चमचा तसाच ठेवला.

"म्हणजे मला भाऊ आहे," ती म्हणाली. "नाव काय ठेवलंत?"

"अगं, तोंडातून निघून गेलं. त्यानंच विचारलं पोरासाठी का म्हणून."

"'मुलीसाठी' नाही निघून गेलं?"

"काही तरी बोलू नकोस. तू चालवतेस का मोटरसायकल?"

"तो चालवतो वाटतं."

हेमा ताटातलं लोणचं बाजूला सारत म्हणाली, "रविवारी कुठून आणणार आहात त्याला?" आणि हे असं विचारलं की जणू मुलगा क्लासला गेलाय आणि वेळेवर परत येईल की नाही एवढाच प्रश्न आहे. श्रीधरला हेमाच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, हे बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. स्पृहा झाल्यावर एकच पुरे हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, सुखानं ठरवलं होतं, आणि त्याच्या आईनं वर्षभर धरलेल्या अबोल्याला दोघं मिळून हसले होते. त्याला मुलगा कधी नको होता आणि आजही नको होता. हे त्याला आत्ता ताटावर ओरडून सांगावंसं वाटलं. त्याला हवा होता तो मुलगा नव्हताच. तेवीस-चोवीस वर्षांचा एक श्रीधर होता, गाडी तोलताना ज्याच्याकडे कुणी वरून खाली पाहिलं नसतं. पण तो तरी कुठं होता? त्या वयात त्यानं एकदा मित्राची मोटरसायकल मागून आणली होती, गोव्यापर्यंत जायचं ठरवून. पहाटे निघाला आणि सातारच्या अलीकडे चेनीतून बारीक आवाज येतोय असं त्याला वाटलं. थांबला, बसला, कान लावला, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. आवाज होता की नव्हता, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. दुपारी तो पुण्यात परत होता आणि मेस्त्री चेन हातात फिरवून म्हणत होता, ठणठणीत आहे. त्या क्षणी जे वाटलं ते सुटकेसारखं होतं, आणि त्या सुटकेची त्याला इतकी लाज वाटली की पुढं त्यानं आवाज ऐकण्याचाच धंदा केला. धंद्यात ते चालून गेलं. तिथं दोष सापडणं म्हणजे हुशारी होती, आणि कुणी विचारत नव्हतं की साहेब, ही गाडी घेऊन तुम्हाला कुठं जायचं होतं.

शुक्रवारी तो शनिवार पेठेत दत्तप्रसादकडे गेला. दत्तप्रसादचं गॅरेज म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी शटर, आत तीन गाड्या आणि बाहेर अठरा, पण लांबच्या प्रवासाला जाणारी पोरं गाडी तयार करून घ्यायला त्याच्याकडेच येतात. काय काय करायचं, ते श्रीधरनं वर्षापूर्वीच ठरवून दिलं होतं: हँडलचे आणि चाकांचे बेअरिंग, क्लचच्या प्लेटी, पुढं गार्ड, मागं पिशव्यांसाठी लोखंडी चौकट, सीटवर जादा फोम. दत्तप्रसादनं त्याच्यासाठी तीनदा आठवडा मोकळा ठेवला होता आणि तीनदा तो आठवडा दुसऱ्याला दिला होता.

"साहेब, आता गाडी आणा," तो पान्यानं नट पिळत म्हणाला. "नुसतं वर्णन किती वेळा दुरुस्त करू मी?"

"रविवारी घेतोय. नक्की."

"हे तुम्ही संक्रांतीला म्हणाला होता. तेव्हा चतुःशृंगीची होती." नट सुटला. "हिच्यात काय निघालंय?"

"काही नाही निघालं."

दत्तप्रसाद पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघायला लागला. "चालवून कशी वाटली?"

श्रीधर म्हणाला, "चांगली आहे." आणि घाईनं बोळातून बाहेर पडून तो स्कूटरपाशी आला. त्यानं गाडी चालवली नव्हती. चोविसातली एकही चालवली नव्हती. मालकाला चालू करायला लावायचं, शेजारी उभं राहून ऐकायचं, मालकाला चक्कर मारून यायला सांगायचं, येताना-जाताना चाकाची रेषा बघायची, ही त्याची पद्धत होती. सर्व्हेअर मोडलेल्या गाडीवर बसत नाही. बसायला ती गाडी जाग्यावर नसतेच. सवय म्हणून सोडून देता आलं असतं. पण आदल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं बेरीज करून टाकली होती, आणि एकदा बेरीज झाली की आकडे पुन्हा सुटे करता येत नाहीत.

रविवारी सकाळी तो जिना उतरला तर स्पृहा हेल्मेट घालून स्कूटरपाशी उभी होती. "भावाला बघायचंय मला," ती म्हणाली, आणि मागं बसली. तिला उतरवायला त्याच्याकडे एकही सभ्य वाक्य नव्हतं. वाटेत तो मनातल्या मनात मुलगा पक्का करत होता. बंगलोरला असतो. सुट्टी नाही मिळत. मीच घेऊन ठेवतो, तो दिवाळीला येऊन नेईल. सव्वीस वर्षं ऐकलेल्या गोष्टींतून त्याला एवढं कळत होतं की गोष्टीत बारकावे कमी ठेवावेत आणि समोरच्यानं विचारल्याशिवाय तारीख सांगू नये.

किरकटवाडीच्या बंगल्यापुढं अंगणात गाडी आधीच आणून ठेवलेली होती. पण ती उभी नव्हती. सर्जेरावांनी ती गोणपाटावर उजव्या अंगानं आडवी करून ठेवली होती, निजलेल्या जनावरासारखी. श्रीधर फाटकातच थांबला. आणि फार खाली कुठंतरी त्याला बरं वाटलं. पडली. बरं झालं. आता हिच्यातही काहीतरी निघालं.

"पडली न्हाई, पाडलीय," सर्जेराव म्हणाले. "पोरगं कुठंय?"

"तो बंगलोरला आहे. त्याला सुट्टी नाही मिळाली. मी म्हटलं, आपणच..."

"मग लावा की फोन त्येला. तोंड दाखवा. मी इचारतो दोन गोष्टी." म्हाताऱ्यानं हात पुढं केला, अगदी सहज. "गाडी चालवायला कुनाला बी येती साहेब. साईनाथ तीनदा गेला तवा अकरा येळा पडला. एकला मानूस, मागंम्होरं चार-चार तास कुनी न्हाई. पडल्यावर जेला उचलता येती, त्येला गाडी द्यायची. न्हाईतर एकाद्याच्या लेकराला तिकडं मरायला धाडल्याचं पाप माज्या डोक्याव. म्हनून म्हनलं पोराला आणा. हितं उचलून दावू दे, मग न्या."

श्रीधरनं खिशातून फोन काढला. काढला खरा, आणि नावांच्या यादीवर बोट फिरवत राहिला. हेमा. दत्तप्रसाद. तीन गॅरेजवाले. कुणाचंही नाव मुलगा होण्यासारखं नव्हतं. बोटाला घाम होता आणि पडदा सरकत नव्हता. त्यानं अशी माणसं पाहिली होती, कागद पिशवीत शोधणारी, पिशवीत कागद नाहीत हे पक्कं माहीत असून चेन परत परत उघडणारी. त्यांच्याकडे बघताना तो नेहमी नजर दुसरीकडे न्यायचा, तेवढी दया त्याच्यात होती. सर्जेराव नजर कुठंच नेत नव्हते.

"काका," स्पृहा सर्जेरावांना म्हणाली, "मला भाऊ नाहीये. गाडी यांनाच हवीय."

बायडाबाई कपबशा घेऊन दारात आल्या होत्या त्या तिथंच थांबल्या. श्रीधर फोनकडेच बघत राहिला. आता म्हातारा हसेल; किंवा त्याहून वाईट म्हणजे समजून घेईल. सर्जेरावांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. त्यांनी श्रीधरच्या बुटांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, मग खांद्यांकडे, बाजारात बघतात तसं, आणि म्हणाले, "मग पोरगा कशाला काढला मधी? वय किती तुमचं?"

"त्रेपन्न."

"मी सदुसष्टीत ही गाडी हितल्या हितं फिरवतो. उचला."

तीन दिवस तो ज्याच्यासाठी बंगलोरचं घर, नोकरी, सुट्टी रचत होता, तो मुलगा एका शब्दात मोडीत निघाला. त्यानं चष्मा काढून स्पृहाकडे दिला. गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी गियरमध्ये आहे, हे पाहिलं, म्हणजे चाक सरकणार नाही. जमीन दाबून बघितली. बुटाच्या नाड्या बघितल्या. टाकीतून पेट्रोल गळत नाही हे वाकून हुंगलं. हातानं उचलायची नसते, पाठ लावून पायानं उचलायची असते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. सीटच्या कडेला माकडहाड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कड्याला, आणि बारीक पावलांनी मागं मागं रेटत जायचं. तो पाठमोरा बसला. एकशे ऐंशी किलोचं ओझं कमरेला लागलं आणि त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला गाडी दिसत नाही. समोर नुसतं अंगण होतं, तुळशीचा डबा, वाळत घातलेली गोधडी, आणि चष्मा हातात धरून उभी असलेली एक अस्पष्ट मुलगी. पहिल्यांदा गाडी हललीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा वीतभर उठली आणि परत बसली, तेव्हा गुडघ्यात काहीतरी खटकन वाजलं. हा आवाज मात्र खरा होता. "बाबा," स्पृहा एक पाऊल पुढं आली. "थांब," तो म्हणाला. ते मुलीच्या अंगावर ओरडल्यासारखं झालं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. त्याला राग आला होता आणि आता तो कुणाचा हे विचारायला सवड नव्हती. राग मांड्यांत उतरला होता आणि तिथं त्याचा उपयोग होत होता. तिसऱ्यांदा त्यानं पावलं रोवली, दात आवळले आणि रेटलं. वजन उठलं. एक पाऊल, अर्धं पाऊल, आणखी अर्धं, आणि मग एकाएकी, कुणीतरी पाठीवरून हात काढून घ्यावा तसं ते हलकं झालं. झालं, असं त्याला वाटलं. उभी राहिली. त्याच सुखात त्यानं आणखी एक पाऊल रेटलं, आणि त्याच्या पाठीमागं गाडी सरळ होऊन, क्षणभर थबकून, पलीकडच्या अंगावर कोसळली. आरसा फुटल्याचा आवाज अंगणभर पसरला.

श्रीधर वळला. डाव्या बाजूचा आरसा गेला होता, क्लचचा दांडा वाकला होता, टाकीच्या डाव्या कुशीला ताजा, मूठभर पोचा पडला होता. एवढं त्याला चष्म्याशिवायही दिसलं. अशा वेळी माणसं काय सांगतात, ते सगळं त्याच्या तोंडाशी आलं: कुत्रं आडवं आलं, वाळू होती, ब्रेक लागला नाही, मागून कुणीतरी धक्का दिला. हजारभर अर्जांत त्यानं ते वाचलं होतं आणि खाली सही केली होती.

"कसं काय वो?" सर्जेरावांनी विचारलं.

"स्टँड बाहेर काढायचा राहिला," श्रीधर म्हणाला. "उचलायच्या आधी काढून ठेवायचा असतो. सगळं बघितलं. तेवढं विसरलो."

म्हाताऱ्यानं बायडाबाईंकडे पाहिलं. बायडाबाई म्हणाल्या, "साईनाथनं बी पहिल्यांदा अशीच पाडली हुती. ह्यांनी त्येला दोन दिस जेवू दिलं न्हाई," आणि कपबशा कट्ट्यावर ठेवल्या.

"राहू द्या आता," सर्जेराव म्हणाले. "साईनाथ येईल घटकाभरानं, त्यो उभी करंल. तुमी उद्या या, सावकाशीनं. येरवड्याच्या पोराला मी नको म्हनून सांगतो. उद्या बोलू."

उद्या. श्रीधरला तो उद्या अगदी स्पष्ट दिसला. रात्री झोप लागणार नाही. डाव्या अंगावर पडली म्हणजे गियरच्या दांड्याला मार बसला असणार, आतल्या शाफ्टला बाक आला असेल, तो वरून दिसत नाही. फ्रेमचंही सांगता येत नाही. सकाळी उठून तो दात घासता घासता म्हणेल की एकदा पडलेली गाडी ती पडलेलीच. आणि ते कारण खरं असेल. चोविसावं.

"गाडी माझी आहे," तो म्हणाला. "मीच उभी करतो."

"इसार दिला न्हाई अजून तुमी."

"देतो. आधी उभी करू दे."

स्पृहानं चष्मा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. "बाबा, आता आधी स्टँड काढा," ती म्हणाली.

"या बाजूला पडली की स्टँड खाली दबलेला असतो," तो चिडूनच म्हणाला, कारण हे त्याला हातात गाडी येण्याच्या आधीपासून माहीत होतं आणि माहीत असून काही फायदा झाला नव्हता. "या बाजूनं आधी काहीच करून ठेवता येत नाही. उभी झाली की नुसती धरायची." तो डाव्या बाजूला गेला, काचा बुटानं बाजूला केल्या, आणि गाडीकडे पाठ करून बसला. वाकलेल्या दांड्याची कड तळव्यात रुतत होती. गुडघा पहिल्याच रेट्याला बोंबलला. त्यानं त्याला बोंबलू दिलं. एकदा हुकलं. दुसऱ्यांदा ती अर्ध्यावर येऊन अडली, तिथं किती वेळ गेला कुणास ठाऊक, गोधडीवरचे लाल तुकडे त्यानं दोनदा मोजले, आणि मग एक पाऊल मिळालं, मग दुसरं. ओझं हलकं व्हायला लागलं तसा तो थांबला. रेटणं सोडून त्यानं कोपरं आवळली. अंग तसंच टेकवून ठेवत तो हळूहळू वळला, आणि पहिल्यांदाच ती करडी टाकी त्याच्या छातीला लागली, उन्हानं तापलेली. पायानं चाचपत त्यानं स्टँड बाहेर ओढला. तो खटकन बसला आणि गाडी त्याच्याकडे थोडी झुकून स्थिर झाली.

"आता सोडा की," सर्जेराव म्हणाले.

"जरा थांबा," श्रीधर म्हणाला.